इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन शेती व ग्रामोद्योग

इनामगाव : महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे व दगड या दोहोंची हत्यारे एकाच वेळी वापरात असलेल्या काळातील, शेतकऱ्यांच्या वसतीचे एक प्रसिद्ध उत्खनित स्थळ. ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेची उपनदी घोड हिच्या उजव्या तीरावर, पुण्याच्या पूर्वेस सु. ८० किमी. अंतरावर आहे. पुणे येथील डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात येथे बारा हंगाम उत्खनन झाले. हसमुख धीरजलाल सांकलिया, झेड. डी. अन्सारी व मधुकर केशव ढवळीकर यांनी त्याचे मार्गदर्शन केले व त्याचा सविस्तर वृत्तांत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बन-१४ पद्धतीने मिळालेल्या कालमापनावरून येथील वसतीचे तीन कालखंड पडतात : माळवा संस्कृती (सु. इ. स. पू. १६००–१४००), पूर्व जोर्वे (सु. इ. स. पू. १४००–१०००) व उत्तर जोर्वे (सु. इ. स. पू. १०००–७००). जवळजवळ नऊशे वर्षे एकाच जागी नांदलेले हे खेडे कसे पिकवीत होते, काय घडवीत होते आणि अखेरीस का ओस पडले, याचा इतका सलग पुरावा महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही समकालीन स्थळाने दिलेला नाही.

‘जोर्वे’ हे नाव अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेरजवळच्या, प्रवरेकाठच्या गावावरून पडले. १९५०-५१ मध्ये तेथील उत्खननात काळ्या रंगाची नक्षी असलेली तांबडी मृत्पात्रे व तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी प्रथम मिळाल्या. पुढे नेवासे, चांडोली, सोनगाव, दायमाबाद, प्रकाशे इ. ठिकाणी त्याच परंपरेची खापरे सापडली. तापी, गोदावरी व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत जोर्वे संस्कृतीची दोनशेच्या आसपास स्थळे ज्ञात झाली आहेत. कोकणची किनारपट्टी मात्र या प्रसारातून वगळावी लागते. मुंबईच्या उपनगरांनी आज व्यापलेल्या साष्टी बेटावर, कांदिवलीच्या परिसरात, के. आर. यू. टॉड यांना १९३० नंतरच्या दशकात अश्मयुगीन हत्यारे मिळाली होती. परंतु तेथे जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांचे खेडे आढळलेले नाही. अतिवृष्टीच्या प्रदेशातील दाट जंगल दगडाच्या व तांब्याच्या मोजक्या हत्यारांनी साफ करणे त्या लोकांना साधले नसावे. त्यांनी पसंत केला तो घाटमाथ्याच्या पूर्वेचा, कमी पावसाचा, उघडा व नदीकाठचा मुलूख.

मराठी खेड्यात वसतीच्या जागेस पांढर व शेतजमिनीस काळी म्हणण्याचा प्रघात आहे. मातीच्या भिंती पडून, चुलींची राख व केरकचरा साठून वसतीखालची जमीन पिढ्यान्‌पिढ्या उंचावत व पांढुरकी होत जाते. इनामगावची टेकाडे अशीच पांढरीची आहेत. येथे एकूण पाच टेकाडे असून उत्खनन मुख्यत्वे त्यांतील सर्वांत मोठ्या, सु. पाच हेक्टर विस्ताराच्या टेकाडावर झाले. तत्पूर्वी महाराष्ट्रातील उत्खननांत बहुधा उभे खोल चर घेऊन थरांचा क्रम ठरविण्यावर भर असे. त्या रीतीने कोणत्या संस्कृतीनंतर कोणती आली हे कळते. परंतु घर केवढे होते, शेजारी कोण राहत होते, धान्य कोठे साठविले जाई, या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. इनामगावी मोठे क्षेत्र आडवे उघडण्यात आले व १३० हून अधिक घरांचे अवशेष हाती आले. चुलींतील, पेवांतील व जमिनीवरील माती पाण्यात कालवून तरंगून वर येणारे जळके दाणे चाळणीने गोळा करण्यात आले. जळालेला दाणा कुजत नाही, म्हणून तीन हजार वर्षांनंतरही त्याची जात ओळखता येते. प्राचीन शेतीविषयी पुढे जे सांगितले आहे, त्यातील पुष्कळसे अशा काळवंडलेल्या दाण्यांवर आधारलेले आहे.

शिरूरचा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. वर्षाकाठी येथे पाचशे मिमी.च्या आतबाहेर पाऊस पडतो व तोही दर वर्षी भरवशाचा नसतो. जमीन काळी, चिकण व भारी आहे. ती पावसाळ्यात चिखलाची व उन्हाळ्यात भेगाळलेली असते. लोखंडी फाळाशिवाय ती खोल नांगरणे कठीण असल्याने या लोकांची शेती नदीलगतच्या मऊ गाळाच्या पट्ट्यातच प्रामुख्याने होत असावी. इनामगावजवळच्या वाळकी येथे जोर्वेकालीन थरात जनावराच्या हाडापासून केलेले नांगराच्या फाळासारखे अवजार मिळाले आहे. अशा अवजाराने जमीन उलथत नाही, फक्त ओरखडली जाते. तथापि गाळाच्या जमिनीत बी पेरण्यास तेवढे पुरते. मधोमध भोक पाडलेले गोल दगडही सापडले असून, जमीन उकरण्याच्या टोकदार काठीला वजन यावे म्हणून ते तिच्यात अडकवीत असावेत.

या पार्श्वभूमीवर पूर्व जोर्वे काळातील पाट व बांध हे इनामगावच्या उत्खननातील सर्वांत महत्त्वाचे संशोधन ठरते. वसतीच्या कडेने दगडगोटे चिखलात बसवून रचलेला सु. २४० मी. लांब व दोन मी.हून अधिक रुंद असा बांध आढळला. त्याच्या लगत जमिनीत खोदलेला सु. साडेतीन ते चार मी. रुंद व जवळजवळ तितकाच खोल असा पाट शंभर मी.हून अधिक लांबीपर्यंत स्पष्ट झाला. घोड नदीला पूर आला म्हणजे तिचे जादा पाणी या पाटात वळवून घ्यावयाचे व ते पुढे शेताकडे न्यावयाचे, अशी ही योजना असावी. बांधामुळे वसतीचे पुरापासून रक्षणही होत असे. हा पाट म्हणजे बारमाही कालवा नव्हे. त्यात पाणी येई ते पुराच्या दिवसांत, आणि त्याचा खरा उपयोग पावसाळा संपताना जमीन भिजवून ठेवून हिवाळी पीक घेण्यास झाला असणार. एवढे खोदकाम व रचाई एका कुटुंबाच्या आवाक्यातील नाही. पुष्कळ घरांनी एकत्र येऊन, कोणाच्या तरी सांगण्यावरून व देखरेखीखाली ती केली, एवढे अनुमान निश्चित काढता येते. काम एकदाच करून भागले नसेल. पाट गाळाने भरतो व तो दर वर्षी उपसावा लागतो.

पिकांत पहिला मान जवाचा होता. आज त्या भागात बाजरी व ज्वारी यांना जे स्थान आहे, ते ताम्रपाषाणयुगात जवाला होते व तिन्ही कालखंडांत ते टिकून राहिले. जवाला पाणी कमी लागते आणि हलक्या, किंचित खारवट जमिनीतही तो तग धरतो. त्याच्या जोडीस मसूर, हुलगा (कुळीथ), लाख, वाटाणा व वाल ही कडधान्ये होती. गहू पूर्व जोर्वे काळात मिळतो, भाताचेही थोडे दाणे मिळाले आहेत. मुकुंद काजळे यांनी या वनस्पतिअवशेषांचा अभ्यास केला. हुलग्यासारखी पावसाळी व जव, गहू, मसूर यांसारखी हिवाळी पिके एकाच वसतीत आढळतात, यावरून खरीप व रब्बी असे दोन हंगाम त्या वेळी रूढ झाले होते, असे दिसते. धान्यानंतर द्विदल पीक घेऊन जमिनीचा कस राखण्याची रीत अनुभवाने त्यांना कळली असेल, असेही सुचविण्यात आले आहे. मात्र एका पेवात दोन्ही दाणे मिळाले म्हणजे ते एकाच शेतातून पाळीपाळीने आले, असे सिद्ध होत नाही. बोर, जांभूळ व शिंदी यांची फळे रानातून आणीत. कापणीसाठी कॅल्सिडनी या गारेच्या जातीच्या दगडाची लहान पाती लाकडी किंवा हाडाच्या मुठीत ओळीने बसवून विळा तयार करीत. गवत व धान्याचे देठ सतत कापल्याने अशा पात्यांच्या धारेवर एक विशिष्ट चकाकी येते. ती काही पात्यांवर आढळली आहे. धान्य भरडण्यासाठी व दळण्यासाठी खोलगट पाटे व वरवंटे घरोघर होते. फिरते जाते अद्याप यावयाचे होते.

धान्य साठविण्याच्या सोयीही ठळक आहेत. जमिनीत खोदलेल्या पेवांना आतून चुन्याचा गिलावा देत, म्हणजे ओल व उंदीर यांपासून धान्य सुरक्षित राही. घरात किंवा अंगणात मातीचे गोल ओटे असत व त्यांवर कुडाच्या कणग्या ठेवीत. चार पायांचे कच्च्या मातीचे मोठे रांजणही वापरात होते. पेव व कणगी ही दोन्ही साधने महाराष्ट्राच्या खेड्यांतून अगदी अलीकडेपर्यंत प्रचारात होती, त्यामुळे उत्खननात त्यांची ओळख पटण्यास अडचण पडली नाही. घरे आयताकार असून त्यांच्या भिंती खाली चिखलाच्या व वर कुडाच्या, सारवलेल्या असत. छप्पर गवती होते. दोन घरांमध्ये जाण्यायेण्यापुरती वाट सोडलेली असे.

वसतीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर व त्यास लागून धान्याचे कोठार आढळले. कोठारात पेवे व कणग्यांचे ओटे एवढ्या संख्येने आहेत की, ते एका कुटुंबाच्या गरजेसाठी नव्हते. ढवळीकरांच्या मते हे घर गावच्या प्रमुखाचे असून गावकऱ्यांकडून धान्यरूपाने घेतलेला वाटा तेथे जमा होई व टंचाईच्या दिवसांत वाटला जाई. या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात बसविलेल्या स्थितीत पुरलेला एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला. इतर प्रौढांना उताणे पुरीत व त्यांचे पाय घोट्याच्या वर तोडीत. याचे पाय मात्र शाबूत होते. त्यामुळे तो असामान्य मानाचा पुरुष असावा, या तर्कास बळकटी येते. हे प्रमुखपद वंशपरंपरेने चालत होते काय व त्यास कितपत सत्ता होती, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. एका मोठ्या घरावरून व एका दफनावरून राज्यव्यवस्था उभी करणे धाडसाचे आहे. कोठार सामाईक होते, एवढे म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल.

पशुपालन हा शेतीचा जोडधंदा नव्हे, तर तिचा अर्धा भाग होता. हाडांच्या अवशेषांत गाईबैलांची हाडे सर्वाधिक असून त्यांखालोखाल शेळ्यामेंढ्यांची आहेत. म्हैस व कुत्राही पाळीत. हाडांवरील कापल्याच्या खुणांवरून गोमांस नित्याच्या आहारात होते हे स्पष्ट होते. काळवीट, चितळ यांची शिकार करीत व नदीत मासे धरीत. तांब्याचे गळ त्याचे साक्षी आहेत.

शेतीतून उरलेल्या धान्यावर कारागीर पोसले जात. पूर्व जोर्वे काळात कुंभार, चुना भाजणारा, सोनार, मणी करणारा, हस्तिदंताचे काम करणारा यांची घरे वसतीच्या पश्चिम कडेस होती व मध्यभागी सधन शेतकऱ्यांची वस्ती होती. यावरून कारागिरांचा दर्जा खालचा होता, असे अनुमान काढण्यात येते. तथापि कुंभाराच्या भट्टीला मोकळी जागा लागते व गवती छपरांच्या गावात तिच्या ठिणग्यांची धास्ती असते, हेही लक्षात घ्यावयास हवे. सोनाराच्या बाबतीत अर्थातच हे कारण पुरे पडत नाही.

कुंभारकाम हा येथील सर्वांत प्रगत उद्योग होय. जोर्वे पद्धतीची भांडी चाकावर घडविलेली, पातळ व तांबड्या लेपाची असून त्यांवर काळ्या रंगात तिरप्या रेषा, चौकटी व त्रिकोण अशी भौमितिक नक्षी आढळते. कोनयुक्त कडेचे वाडगे व लांब तोटीचे चंबू हे त्यांतील विशेष आकार होत. उत्तम भाजणीमुळे ही भांडी वाजविली असता धातूसारखा नाद देतात. अशी भाजणी उघड्या आव्यात साधत नाही. इनामगावी गोलाकार बांधीव भट्टीचे अवशेष मिळाले असून तिच्यात खालून जाळ देऊन उष्णता वर ठेवलेल्या भांड्यांपर्यंत समप्रमाणात पोहोचविण्याची सोय होती. भांडी थेट निखाऱ्यांवर न ठेवता मातीच्या टेकूंवर ठेवीत. जाडेभरडे रांजण व स्वयंपाकाची मडकी मात्र हाताने घडविलेली आहेत. यांतील मोठ्या मडक्यांचा आणखी एक उपयोग होता : लहान मूल मरण पावले म्हणजे दोन मडक्यांची तोंडे एकमेकांस भिडवून त्यांत ते ठेवीत व घरातील जमिनीखाली पुरीत. अशी बालदफने येथे विपुल आहेत.

चुनखडीचे खडे भाजून चुना करण्याचा धंदा पेवांच्या गिलाव्यामुळे आवश्यक झाला होता. हे खडे नदीकाठच्या जमिनीत भरपूर मिळतात. दगडी पात्यांचे उत्पादन तर बहुधा घरोघर चाले. कॅल्सिडनीच्या गोट्यावर आधी एक कणा तयार करून त्याच्या आधाराने एकामागून एक सरळ, समांतर कडांची पाती काढण्याचे तंत्र त्यांना पूर्ण अवगत होते. तांबे दुर्मिळ होते. दख्खनच्या काळ्या कातळात ते मिळत नाही, म्हणून ते बाहेरून, बहुधा राजस्थानच्या बाजूने, आणले जाई व त्याचे मणी, बांगड्या, गळ, छिन्न्या आणि क्वचित कुऱ्हाडी करीत. सोने व हस्तिदंत यांच्या वस्तू थोड्या, पण कुशल कारागिरीच्या आहेत. शंखाच्या बांगड्या समुद्रकिनाऱ्याशी असलेल्या संबंधांची साक्ष देतात. अकीक, जास्पर इत्यादींचे मणी घासून, भोक पाडून केले जात. सूतकताईचा प्रत्यक्ष पुरावा शेजारच्या स्थळांनी पुरविला आहे. नेवासे येथे एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत रेशीम व कापूस यांचा धागा आणि चांडोली येथे अशाच मण्यांत अळशीच्या वाखाचा धागा टिकून राहिला होता. तांब्याच्या क्षारांमुळे हे धागे कुजण्यापासून वाचले.

शेतकऱ्यांच्या श्रद्धेविषयी एकच वस्तू पुष्कळ सांगते. पूर्व जोर्वे काळातील एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची लंबगोल डबी पुरलेली आढळली. तिच्या आत एक शिरोहीन स्त्रीमूर्ती होती व झाकणावर आणखी एक शिरोहीन स्त्रीमूर्ती आणि बैल ठेवलेला होता. स्त्रीमूर्तीच्या पोटास व बैलाच्या पाठीस छिद्रे आहेत. काडी घालून मूर्ती बैलावर बसविता येते. ही सुफलतेची देवता असावी, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. तिला नंतरच्या कोणत्याही देवतेचे नाव देण्यास मात्र आधार नाही.

सु. इ. स. पू. १००० नंतर, उत्तर जोर्वे काळात, हे सर्व चित्र पालटते. ऐसपैस आयताकार घरांच्या जागी तीन-साडेतीन मी. व्यासाच्या लहान गोल झोपड्या येतात. त्या तीन-चारच्या पुंजक्यांनी उभ्या आहेत; एका कुटुंबाला एक झोपडी पुरत नसल्याने अशी रचना झाली असावी. भांडी जाडसर व ओबडधोबड होतात, नक्षी कमी होते. ढवळीकर यांच्या मते गव्हाचे पीक बंद पडले व पाटाचा उपयोगही संपला. हाडांत शेळ्यामेंढ्या व हरणे यांचे प्रमाण वाढते, म्हणजे शेतीवर भागेनासे झाल्याने लोक मेंढपाळी व शिकारीकडे वळले. सु. इ. स. पू. ७०० च्या सुमारास वसती संपुष्टात आली. गोदावरी व प्रवरा खोऱ्यांतील बहुतेक जोर्वे खेडी त्याआधीच, सु. इ. स. पू. १००० मध्ये, ओस पडली होती. भीमेच्या खोऱ्यात ती आणखी काही शतके रेंगाळली, एवढाच फरक.

या ऱ्हासाचे कारण काय, हा इनामगावविषयीचा मुख्य वाद आहे. ढवळीकरांनी पर्जन्यमान घटून दुष्काळांची मालिका ओढवली, असे प्रतिपादन केले. जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी सांगाड्यांच्या दातांची तपासणी केली. दात किडण्याचे प्रमाण पूर्व जोर्वे काळात अधिक व उत्तर जोर्वे काळात कमी आढळले. पिष्टमय धान्य कमी खाल्ले गेल्याचे हे लक्षण असल्याने ढवळीकरांच्या मतास त्याने पुष्टी मिळाली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घराखाली पुरलेल्या अर्भकांच्या व बालकांच्या अस्थी अभ्यासल्या आहेत. उत्तर जोर्वे काळातील मुलांची वाढ खुंटलेली व शरीरे हडकुळी होती, हे त्यांतून दिसते. परंतु या कोरड्या प्रदेशातील पाऊस नेमका याच सुमारास एकाएकी घटला, हे त्यांना मान्य नाही. मुळातच रुक्ष असलेल्या मुलखात सततच्या शेतीने जमिनीवर पडलेला ताण हेही कारण त्या पुढे मांडतात. दोन्ही मतांना समान असा एक मुद्दा आहे. नदीकाठचा गाळाचा पट्टा अरुंद होता आणि त्याच्यापलीकडची काळी जमीन, आज ज्वारी व ऊस पिकविणारी, त्या अवजारांना दाद देणारी नव्हती. लोक वाढले किंवा पाऊस हटला, तरी नवी जमीन लागवडीखाली आणण्याची वाट बंद होती. लोखंडाचा वापर महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे दिसतो तो विदर्भातील महापाषाणयुगीन लोकांत. घोडेच्या काठच्या शेतकऱ्यांच्या हाती तो उपयोगी पडेल अशा रीतीने आलाच नाही.